चव्वेचाळीस आणि पासष्ट

१९७० साली लेब्लाँ, रफ आणि मिलिक-एमिली या तिघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातले दोन आकडे भूलतज्ज्ञांना आजही तोंडपाठ असतात : ४४ आणि ६५. निरोगी माणसाचा नेहमीचा श्वास संपता संपता फुप्फुसाच्या तळातल्या बारीक श्वासनलिका मिटू लागतात, ते हे सरासरी वय. बसलेला असेल तर ६५, उताणा झोपला असेल तर ४४. म्हणजे पाठ टेकली की फुप्फुस वीसेक वर्षांनी म्हातारे होते!

या बारीक नलिकांना कूर्चेचा आधार नसतो. भोवतालचे लवचीक तंतू चहूबाजूंनी ताणून धरतात, म्हणून त्या उघड्या राहतात. वयाबरोबर ही ओढ सैलावते, जुन्या परकराच्या नाडीसारखी. साधा श्वास सोडल्यावरही उभ्या माणसाच्या फुप्फुसात दोन-अडीच लिटर हवा शिल्लक असते. त्या फुगवट्यावर नलिका तग धरतात. आडवे झाल्यावर पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि त्या शिलकीतली अर्धा ते एक लिटर हवा जाते. नलिका मिटली तरी पलीकडचे रक्त वाहायचे थांबत नाही. ते प्राणवायू पुरेसा न घेताच हृदयाकडे परतते. म्हातारपणी रक्तातला प्राणवायू उतरतो, त्यात हवा-रक्ताच्या या बेबनावाचा वाटा मोठा.

हवा आणि रक्त यांची जोडी तरुणपणीही काही जुळलेली नसते. जॉन वेस्ट यांनी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात किरणोत्सारी वायू वापरून दाखवले, की ताठ बसलेल्या माणसाच्या फुप्फुसात रक्त तळाकडे धावते. शेंड्याला हवा रक्ताच्या तिपटीहून जास्त, तळाला जेमतेम दोन तृतीयांश. पालथे झोपल्यावर ही वाटणी बरीच समतोल होते. हृदयाचा भार छातीच्या हाडावर जातो आणि पाठीकडचा मोठा भाग मोकळा होतो. कोविडच्या वॉर्डात रुग्णांना पालथे घालत, ते यासाठीच.

पुढे १९७४ साली वॅग्नर, साल्ट्झमन आणि वेस्ट यांनी सहा निष्क्रिय वायू शिरेतून सोडून हा बेबनाव मोजण्याची रीत दिली. त्याच रीतीने १८ ते ७१ वयाच्या ६४ निरोगी माणसांची तपासणी झाली. १९९७ साली निष्कर्ष छापून आले. वयाबरोबर बेबनाव वाढतो, पण थोडाच. मला हा ‘थोडाच’ फार महत्त्वाचा वाटतो. म्हातारपणाला आजार समजायची आपल्याला भारी घाई असते.

आडवे असताना धमनीतल्या प्राणवायूचा दाब काढायचे एक जुने सूत्र आहे : १०९ वजा वयाच्या ०.४३ पट. विशीत साधारण १००, सत्तरीत ७९ मिलिमीटर. उतार मोठा वाटतो, पण हिमोग्लोबिन किती प्राणवायू धरते त्याचा आलेख वरच्या टोकाला सपाट असल्यामुळे बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ वरून ९५ पर्यंतच येतो. २०२० मध्ये कितीतरी घरांत आजोबांचा ९५ पाहून धावपळ झाली असेल. त्यातल्या काहींनी नुसते उठून बसायचे होते. कार्बन डायऑक्साइडचे मात्र वयाने फारसे बिघडत नाही. मेंदू श्वास किंचित वाढवून हिशेब जुळवतो.

भूल दिल्यावर श्वास सोडून उरणारी ती शिल्लक हवा आणखी घटते. म्हणून पासष्टीच्या रुग्णाला टेबलावर घेतले, की मास्क लावण्याआधी पुष्कळ भूलतज्ज्ञ टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी उचलून घेतात.