परखड बोलावे, पण कुणाला आणि केव्हा?

पुणे-नगर रस्त्यावरच्या आमच्या कोरेगाव भीमात सामना असला की चहाच्या टपरीवर दोन चर्चा रंगतात. एक धावांची आणि दुसरी समालोचकांच्या बोलण्याची. सणसवाडीच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेली पोरे मोबाईलभोवती जमतात आणि हमखास कुणीतरी म्हणते, "गावसकर आज काय बोलले, ऐकलं का?" हीच चर्चा मग घरी दस्तरखानापर्यंत पोहोचते. अब्बा म्हणतात, बरोबर बोलले. मुलगा म्हणतो, जुन्या माणसांना आजचे काय कळते? हा वाद क्रिकेटपुरता राहत नाही, म्हणूनच या वेळी आम्ही त्यावर लिहायचे ठरवले.

सुनील मनोहर गावसकर हे नाव वाचकांना नवे नाही. 1971 साली वेस्ट इंडीजच्या पहिल्याच दौऱ्यात 774 धावा, 125 कसोटी, 34 शतके, आणि 1987 मध्ये अहमदाबादला कसोटीत दहा हजार धावा करणारा जगातला पहिला फलंदाज. त्याच वर्षी त्यांनी बॅट खाली ठेवली. पुढची पिढी त्यांना ओळखते ती समालोचक म्हणून. पंचाहत्तरी ओलांडली तरी त्यांच्या जिभेची धार गेलेली नाही.

ही धार चांगली लागली तो प्रसंग आधी सांगतो. मुंबईच्या सरफराज खानने 2021-22 च्या रणजी हंगामात 982 धावा केल्या आणि पुढच्या हंगामातही शतकांमागून शतके ठोकली. तरी 2023 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी संघात त्याचे नाव आले नाही. त्याच्या अंगकाठीची चर्चा मात्र सगळीकडे होती. तेव्हा गावसकरांनी निवडकर्त्यांना सुनावले की सडपातळच मुले हवी असतील तर फॅशन शोला जा, तिथले मॉडेल निवडा आणि त्यांच्या हातात बॅट-बॉल द्या. माणसे सगळ्या आकारांची असतात, तुम्ही धावा बघा, हा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. फेब्रुवारी 2024 मध्ये राजकोटला सरफराजला संधी मिळाली. त्याने पहिल्या डावात 62 आणि दुसऱ्या डावात नाबाद 68 धावा केल्या. लहानपणापासून त्याला घडवणारे वडील नौशाद खान मुलाची टोपी हातात घेऊन मैदानात रडले, ते सगळ्या देशाने पाहिले. ज्याच्या हाती निवड आहे त्याला बोल लावायचा आणि ज्याची मेहनत दुर्लक्षित आहे त्याची बाजू घ्यायची, असा तो परखडपणा होता.

आता दुसरी बाजू. मार्च 2022 मध्ये शेन वॉर्न अचानक गेला. वय अवघे 52. त्यानंतर लगेचच गावसकरांना विचारण्यात आले, वॉर्न सर्वांत मोठा फिरकी गोलंदाज होता का? त्यांनी आपले प्रामाणिक मत दिले: नाही, मुरलीधरन आणि भारतीय फिरकीपटू त्याच्या वर. मत चूक म्हणता येणार नाही, त्यावर वाद घालता येईल. पण ज्या घरात मय्यत आहे तिथे कुणी हिशेब मांडत नाही. जगभरातून टीका झाली. तो प्रश्न विचारण्याची ती वेळ नव्हती आणि उत्तर देण्याचीही नव्हती, हे नंतर गावसकरांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केले. वयाने आणि नावाने एवढा मोठा माणूस असे म्हणतो, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या शतकांइतकीच मोलाची वाटते. आपल्या घरातले किती वडीलधारे असे म्हणतात?

तिसरा प्रसंग ऑगस्ट 2025 चा. इंग्लंडच्या दौऱ्यात मोहम्मद सिराज पाचही कसोटी खेळला. 23 बळी घेतले आणि ओव्हलवर शेवटच्या सकाळी भारताला सहा धावांनी सामना जिंकून दिला. हा हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा. 2020 मध्ये संघासोबत ऑस्ट्रेलियात असताना वडील वारले, तरी तो दौऱ्यावर थांबला. त्या विजयानंतर गावसकर म्हणाले की 'वर्कलोड' हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून काढून टाकावा. सीमेवरचा जवान कधी थंडीची तक्रार करतो का, असा त्यांचा सवाल होता.

टाळ्या मिळाव्यात असेच हे वाक्य आहे, पण आम्हाला ते अर्धेच पटते. कष्टाला घाबरू नये, हे खरे. मात्र वेगवान गोलंदाजाची पाठ आणि गुडघे माणसाचेच असतात. आमच्या परिसरात सलग दोन पाळ्या करणारी मुले आहेत. त्यांची कंबर धरते, झोप उडते. अशा मुलाने "अब्बा, थकलो" म्हटले आणि त्याला सीमेवरच्या जवानाचा दाखला दिला, तर तो पुन्हा काही सांगणार नाही. थकवा आणि कामचुकारपणा यांत फरक करता येणे हेही वडीलधाऱ्यांचे काम आहे.

एक गोष्ट मात्र गावसकरांच्या बाजूने सांगायलाच हवी. ते जे बोलतात ते स्वतःच्या नावाने, चेहरा दाखवून. चुकले तर त्यांना विचारता येते. आज मोबाईलवर जे फिरते त्याला ना बाप ना गाव. 1 जानेवारी 2018 चा दिवस आमच्या गावाने पाहिला आहे. एका तरुणाचा जीव गेला, दुकाने आणि गाड्या जळाल्या. अशा दिवसांत खरे-खोटे निरोप माणसांच्या आधी घराघरात शिरतात. निनावी निरोप पुढे ढकलणारा स्वतःला परखड समजत असेल, पण त्याला परखड म्हणता येणार नाही. परखड बोलणाऱ्याला किंमत मोजायची तयारी लागते.

ती तयारी गावसकरांनी समालोचनाच्या खोलीबाहेरही दाखवली होती. 1993 च्या मुंबई दंगलीत त्यांनी आपल्या इमारतीवरून पाहिले की जमावाने एका कुटुंबाची गाडी अडवली आहे. ते धावत खाली गेले आणि जमावासमोर उभे राहून म्हणाले, यांचे जे करायचे ते आधी माझे करा. ते कुटुंब सुखरूप निघून गेले. हा प्रसंग त्यांचे चिरंजीव रोहन यांनी पुढे जाहीरपणे सांगितला. त्या जमावासमोर बोलताना त्यांचा स्वतःचा जीव धोक्यात होता. अशा माणसाने खडसावले तर ऐकून घ्यावेसे वाटते.

घरातल्या मोठ्यांसाठी शेवटी एक साधी गोष्ट. डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्नला ऋषभ पंत बेजबाबदार फटका मारून बाद झाला, तेव्हा गावसकरांनी 'मूर्खपणा' या अर्थाचा शब्द तीनदा उच्चारून त्याची कानउघाडणी केली. सहा महिन्यांनी लीड्सला त्याच पंतने शतक ठोकले, तेव्हा त्यांनी 'अप्रतिम' या अर्थाचा शब्दही तीनदाच उच्चारला. मुलाने रात्रभर मोबाईल पाहिला, मुलीचे गुण घसरले, तर आपण तीनदा नाही, तीस वेळा सुनावतो. ती फज्रला स्वतःहून उठली, तो पहिला पगार अम्मीच्या हातावर ठेवून गेला, तेव्हा किती वेळा शाबासकी दिली, हे प्रत्येक अब्बाने आणि अम्मीने आज रात्री मोजून पाहावे.