चौदा आकड्यांत काय मावतं, काय नाही

‘आम्ही घरीच करतो हो, आम्हाला कसलं आलंय लायसन!’ सोसायटीच्या ग्रुपवर फराळाचे दर टाकणाऱ्या काकू हे म्हणतात. महिन्याचे डबे देणारे दादा म्हणतात आणि उन्हाळ्यात लोणची-पापड विकणारा बचत गटही म्हणतो. यात ‘घरी’ या शब्दावर सगळी भिस्त असते. कायद्याला मात्र त्या शब्दाशी काही देणंघेणं नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 हा अन्न व्यवसायाची व्याख्या करताना जागा कोणती हे विचारत नाही, नफा होतो का हेही विचारत नाही. अन्न बनवणं, साठवणं, वाहून नेणं, वाटणं, विकणं यांतलं काहीही करणारा त्यात आला. म्हणून गणेशोत्सवात महाप्रसाद करणाऱ्या मंडळांनाही अन्न व औषध प्रशासन नोंदणी करायला सांगतं. त्यात मंडळावर अविश्वास नाही. धार्मिक आणि सामाजिक समारंभात अन्न वाटणारे हे 2011 च्या नियमांत छोट्या अन्न व्यावसायिकांच्या व्याख्येतच बसवलेले आहेत.

मग छोट्याला सूट आहे ती कशातून? परवान्यातून. कायद्याचं कलम 31 सांगतं की फेरीवाला, तात्पुरता स्टॉलवाला, छोटा उत्पादक, किरकोळ विक्रेता यांना परवाना लागणार नाही, पण नोंदणी लागेल. बोलताना आपण दोन्हींना ‘एफएसएसएआयचं लायसन’ (म्हणजे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचं) म्हणतो आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. 2011 च्या नियमांनी ही रेषा वर्षाला 12 लाख रुपयांच्या उलाढालीवर आखली. तिच्या आत नोंदणी, वर्षाला 100 रुपये शुल्क. तिच्या वर राज्याचा परवाना, आणि फार मोठ्या उद्योगांना केंद्राचा. हे आकडे सरकार बदलू शकतं, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी फॉसकॉस या सरकारी पोर्टलवरचा आकडाच धरावा, ओळखीच्या माणसाने सांगितलेला नव्हे. आणि उलाढाल म्हणजे नफा नव्हे. महिन्याला सव्वा लाखाचे डबे विकून हाती वीस हजार राहत असतील, तरी मोजायचे सव्वा लाख. वर्षाचे पंधरा लाख झाले, म्हणजे 12 लाखांची ती रेषा कधीच मागे पडली.

‘एजंटाशिवाय होत नाही’ हा समज कुणी जाणूनबुजून वाढवला असेल तर तो एजंटांनीच. गूगलवर शोधलं की सरकारी वाटावीत अशा नावांची खासगी संकेतस्थळं आधी दिसतात, आणि शंभर रुपयांच्या कामाचे तिथे हजारांत पैसे घेतले जातात. मदत घ्यायला हरकत नाही. पोर्टलवरचं इंग्रजी आणि अन्नप्रकारांच्या याद्या पाहून कुणीही दमेल. पण शुल्क किती आणि मेहनताना किती, हे वेगवेगळं विचारावं. मोबाइल नंबर आणि ईमेल अर्जात स्वतःचाच द्यावा. एजंटाचा दिला तर पुढच्या नोटिसा, मुदती, पासवर्ड सगळं त्याच्याकडे जातं आणि आपल्याला कळतं ते दंड झाल्यावर.

‘तपासणी झाल्याशिवाय नोंदणी मिळत नाही, त्यात महिने जातात’ हेही ऐकून सोडून देण्यासारखं. नियमांप्रमाणे अर्ज आल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची, किंवा तपासणीची नोटीस काढायची. नोंदणी बहुधा कागदांवरच होते. परवान्याची गोष्ट वेगळी, तिथे वेळ जास्त लागतो आणि स्वयंपाकघराचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल असं बरंच काही लागू शकतं.

यातूनच उलट बाजूचा गैरसमज उगवतो, आणि मला तो सगळ्यांत जास्त खटकतो. पाकिटावर चौदा आकडी नंबर छापला की खाली ठसठशीत ‘एफएसएसएआय प्रमाणित’ लिहायचं. नंबर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तुमची चकली कुणी चाखली नाही, तुमचं तेल कुणी तपासलं नाही. तुम्ही कोण, कुठे आणि काय बनवता, याची सरकारदरबारी नोंद झाली, इतकाच त्याचा अर्थ. नंबरातला पहिला आकडा परवान्यासाठी 1 आणि नोंदणीसाठी 2 असतो, पुढचे दोन राज्याचे. महाराष्ट्रातल्या फराळवाल्यांचा नंबर म्हणून 215 ने सुरू होतो. दर्जाची जबाबदारी मात्र पूर्णपणे करणाऱ्याची. लहान आहोत म्हणून कागद कमी लागतात, स्वच्छतेत सवलत नाही. तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून वडापावच्या गाडीलाही तेवढाच लागू आहे जेवढा पंचतारांकित हॉटेलाला. गाडीवर हे मोजणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. पण काळं पडून फेसाळणारं, धूर सोडणारं तेल ओळखायला यंत्र लागत नाही. वर्तमानपत्रात भजी बांधून देणंही नियमबाह्य आहे. छपाईची शाई गरम तेलात उतरते, एवढं साधं त्याचं कारण.

आता जागेचं. ‘फूड लायसन आहे, आता गाडी लावायला कोण अडवतो?’ महापालिका अडवते, आणि तिचा तो अधिकार आहे. अन्नाची नोंदणी अन्नापुरती. पदपथावर उभं राहण्याचा प्रश्न 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली येतो. त्यासाठी नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण आणि विक्री प्रमाणपत्र अशी वेगळी वाट आहे, आणि ती किती रेंगाळते ते फेरीवाल्यांनाच विचारावं. गाळा घेऊन खानावळ काढणाऱ्याला मुंबईत 1888 च्या महापालिका कायद्याच्या कलम 394 खालचा आरोग्य परवाना लागतो, अग्निशमनाच्या अटी असतात. दुकान कायद्याचा ‘गुमास्ता’ तर आणखी निराळा. 2017 च्या राज्य कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना देण्याची सोय केली, तरी ‘गुमास्ता काढून दिला’ म्हणून पैसे घेणारे अजून आहेत. उद्यम नोंदणीही अशीच, फुकट आहे आणि तिचा अन्नाशी संबंध नाही. फ्लॅटमधून डबे करणाऱ्यांचं सोसायटीशी वाजलं, तर तिथेही अन्नाची नोंदणी ढाल म्हणून पुढे करता येत नाही.

जीएसटीबद्दल थोडक्यात. जीएसटी क्रमांक हा अन्न परवाना नाही आणि अन्न परवान्याने जीएसटी टळत नाही. जेवण पुरवणं ही सेवा धरली जाते, तिथे नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात 20 लाखांची. चिवड्याची पाकिटं म्हणजे माल, तिथे 40 लाख. स्विगी-झोमॅटोवरून गेलेल्या जेवणाचा जीएसटी 1 जानेवारी 2022 पासून ते ॲपच भरतं. अन्न नोंदणीचा क्रमांक मात्र ही ॲप्स पहिल्याच दिवशी मागतात. बिलावर तो क्रमांक छापणं त्याच तारखेपासून सक्तीचं झालं, हा निव्वळ योगायोग.

पाकीटबंद माल विकणाऱ्यांची एक वेगळीच चूक होते. नंबर छापला की लेबल झालं, असं त्यांना वाटतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत, पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण हे सगळं लागतं. शेंगदाणे असतील तर ॲलर्जीची सूचनाही. शिवाय कमाल किमतीसारख्या बाबी वैधमापनशास्त्र विभागाच्या नियमांत येतात, तिथे पाकीट भरणाऱ्याची स्वतंत्र नोंदणी असते. चिवडा मोजून कागदी पिशवीत देणं आणि तोच चिवडा सीलबंद करून दुकानात ठेवणं, यांत कायद्याच्या नजरेने बराच फरक आहे.

नोंदणी पत्त्याला बांधलेली असते, हे बहुतेकांना घर बदलल्यावरच कळतं. एका नंबरावर दोन स्वयंपाकघरं चालत नाहीत. दुसरी शाखा म्हणजे दुसरा अर्ज. धंदा विकला तर नंबर सोबत जात नाही, घेणाऱ्याने आपला नवा काढायचा. मालक वारला तर वारसांना कामकाज चालू ठेवायला 90 दिवस मिळतात, तेवढ्यात कागद आपल्या नावावर करायचे. आणि ज्या काकूंकडून आपण फराळ मागवतो त्यांचा नंबर फॉसकॉसवर टाकला, तर तो कुणाचा आहे आणि चालू आहे की संपलेला, हे गिऱ्हाईकालाही पाहता येतं.