गाव उठलं, गवत रुजलं

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघी मैत्रिणी नरनाळा किल्ला बघायला गेलो होतो. किल्ला झाला, मग एवढं आलोच आहोत तर मेळघाटचं जंगलही बघू, म्हणून जिप्सीत बसलो. सगळ्यांच्या डोक्यात वाघ. वाघ काही दिसला नाही. पण एका वळणावर झाडी संपली आणि समोर मोठं मैदान आलं. कमरेइतकं पिवळं गवत आणि त्यात चाळीस-पन्नास चितळांचा कळप. पाडसं आयांच्या मागेमागे, झाडावर वानरं आणि खाली त्यांनी टाकलेला पाला खाणारी हरणं. आम्ही मोबाइल काढून फोटो घेत होतो, तेवढ्यात गाइड सहज म्हणाला, "मॅडम, इथे गाव होतं."

मग नीट पाहिलं. गवताच्या मधोमध एक चिंच होती. जरा पलीकडे ओळीत तीन आंबे. जंगलात आंबे ओळीत उगवत नाहीत. ते कुणीतरी लावले होते, पाणी घालून वाढवले होते. म्हणजे तिथे अंगण होतं, चूल होती.

घरी आल्यावरही ते मैदान मनातून जाईना. मग अकोटकडे राहणाऱ्या माझ्या भाचीच्या ओळखीनं अशाच एका उठलेल्या गावातल्या कोरकू मावशींना भेटले. साठीच्या आसपासच्या. त्या बसल्या, मला चहा दिला आणि म्हणाल्या, "बाई, तुमी पाह्यलं ना ते गवत? आमच्यासारक्या बायांनीच लावलं थे. माह्या वावरात पयले ज्वारी होती, मंग मीच तिथं गवत लावाले गेली."

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकल्यावर मला या विषयावर लिहावंसं वाटलं.

गवत आपोआप उगवत नाही?

आपल्याला वाटतं, माणसं गेली की जंगल आपलं आपण वाढतं. गवताला काय, पाऊस पडला की ते येणारच! पण गंमत अशी की, सोडून दिलेल्या शेतात पहिल्या वर्षी चांगलं गवत येतच नाही. वर्षानुवर्षं नांगरलेली, शेणखत खाल्लेली ती जमीन. तिथे आधी घुसतात गाजरगवत, तरोटा, रानतुळस आणि टणटणी. हरणं यातलं बहुतेक काही तोंडात घेत नाहीत. दोन-चार वर्षं दुर्लक्ष केलं की शेताचं काटेरी रान होतं. ना माणसाच्या उपयोगाचं, ना जनावराच्या.

तरोटा तर आपल्या ओळखीचा. पहिल्या पावसात त्याची कोवळी भाजी आपण हौसेनं करतो. पण तोच तरोटा भादव्यात कमरेइतका होतो, शेंगा धरतो, आणि एकदा शेंगा तडकल्या की पुढच्या कित्येक वर्षांची बेगमी होते. म्हणून गवताच्या कामातला पहिला नियम म्हणजे तण फुलावर यायच्या आत उपटायचं. कापून चालत नाही, मुळासकट हवं. आणि एका वर्षात भागत नाही, कारण मातीत पडलेलं जुनं बी दरवर्षी थोडं थोडं उगवत राहतं. निंदणी करणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला लागत नाही. मावशी हसून म्हणाल्या, "साहेब सांगे का फुलाच्या आंदी उपटा. म्या म्हनलं, जिंदगी गेली निंदता निंदता, हे काय सांगता आमाले?"

तण काढल्यावर मग लावायचं काय? आपण सरसकट 'गवत' म्हणतो, पण जाणकाराला त्यात पन्नास प्रकार दिसतात. मारवेल हे हरणांचं आणि गाई-म्हशींचंही आवडतं. पवना तसाच चवीचा. कुसळी कोवळी असताना चालते, पण तुरा आला की तिची कुसळं जनावराच्या तोंडात टोचतात. हराळी, म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा, बुटकी आणि बारमाही, चितळांना फार प्रिय. तिखाडीला मात्र उग्र वास, ती फारसं कुणी खात नाही. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयात शिकवणारे प्रा. गजानन मुरतकर यांचं नाव विदर्भातल्या अशा गवताच्या कामाशी जोडलेलं आहे. मेळघाटात आणि ताडोब्यात कुठे कोणतं गवत लावायचं, याचा त्यांनी अभ्यास केला.

या गवतांचं बी दुकानात पोत्यानं मिळत नाही. ते जंगलातच, जिथे चांगलं गवत उरलंय तिथून, पावसाळा सरल्यावर हातानं ओरबाडून गोळा करायचं. वाळवायचं आणि पुढच्या जूनपर्यंत कोरडं जपायचं. ताजं बी बऱ्याचदा उगवत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. बी इतकं हलकं की फुंकरीनं उडावं. म्हणून ते माती आणि शेणखतात कालवून पेरतात आणि वर मातीचा जेमतेम पापुद्रा राहू देतात. खोल गेलं की गेलंच. मारवेलसारख्या गवताचे ठोंब लावता येतात. एक बुंधा उपटायचा, त्याचे मुळांसकट फुटवे करायचे आणि पाऊस लागल्यावर ओळीत रोवायचे. अगदी भाताच्या लावणीसारखं. वाकून, चिखलात, डोक्यावर इरलं घेऊन. हे काम कुणाच्या वाट्याला येतं, ते सांगायला नकोच.

शेवटची अडचण तर मजेदार आहे. ज्यांच्यासाठी लावायचं तीच मंडळी कोवळे फुटवे उपटून खातात! म्हणून मुळं धरेपर्यंत त्या तुकड्याला काट्यांचं कुंपण करतात. उन्हाळ्याआधी कडेनं जाळरेषा काढतात, म्हणजे वणवा आला तरी मैदानात शिरत नाही. आणि सगळं गवत एकसारखं ठेवत नाहीत. कुठे बुटकं, कुठे उंच. बुटकं चरायला आणि उंच कशासाठी? तर हरणी आपलं नवं पिल्लू उंच गवतात दडवून चरायला जाते. साडेसात-आठ महिने पोटात वाढवलेलं एकच पाडस. ते गवतात निपचित पडून राहतं आणि आई ठरल्या वेळी पाजायला येते. गवत नसेल तर ते ठेवायचं कुठे?

हरणांसाठी वाफा

हरणांसाठी मुद्दाम चारा लावणं ही काही आपलीच कल्पना नाही. अमेरिकेत शेताच्या किंवा रानाच्या कडेला हरणांसाठी पांढऱ्या क्लोव्हरचा वाफा करतात. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमची सख्खी बहीण. तिथली मंडळी आधी माती तपासतात, ती आंबट असली तर चुना घालतात, बियाण्याला जिवाणूसंवर्धक चोळतात आणि अगदी वरवर पेरतात. क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात, आपल्या हरभऱ्या-तुरीसारख्याच. हरणं हा हिरवा पाला आवडीनं खातात. पण बहुतेक ठिकाणी हा वाफा लावणारा माणूस शिकारी असतो. हरणं धष्टपुष्ट व्हावीत आणि हंगामात बंदुकीच्या टप्प्यात यावीत, हा त्यातला हेतू.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा प्रश्न मिटवला. क्लोव्हरला थंडी आणि ओल लागते, ते आपल्या उन्हाळ्यात टिकायचंही नाही. शिवाय जंगलात परकं बियाणं आणणं म्हणजे नव्या गाजरगवताला आमंत्रण. म्हणून इथे तिथलंच गवत लावायचं, आणि त्यात रानमुगासारखे शेंगवर्गातले वेल असले की मातीचं पोषण आपोआप होतं.

आपल्याकडचा हेतूही वेगळा. एका वाघाला वर्षाला साधारण चितळाएवढी पन्नास जनावरं लागतात. आणि दरवर्षी ती पन्नास मिळत राहायची तर जंगलात पाचशेच्या आसपास हरणं हवीत, असं अभ्यासक सांगतात. आपण वाघाचं कौतुक करतो, पण वाघाचं घर गवतावर उभं आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण मध्य प्रदेशातल्या कान्हाचं. तिथला बारशिंगा जवळजवळ फक्त गवतावर जगतो. १९७० मध्ये ते जेमतेम ६६ उरले होते. जंगलाच्या आतली गावं उठली, त्यांच्या शेतांची कुरणं झाली, त्यांची निगा राखली गेली आणि आज तिथे बारशिंग्यांची संख्या आठशेच्या वर आहे. आपल्या ताडोब्यात नवेगाव आणि जामणी या गावांच्या जागी आज जी मैदानं आहेत, तिथे वाघ बघायला देशभरातून लोक येतात.

पण चुलीचं काय?

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण मावशींच्या ओट्यावर बसल्यावर ती तेवढी सोपी राहत नाही.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला १९७३-७४ मध्ये, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. कोरकू तिथे त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. गाव उठवायचं तर गावकऱ्यांची संमती हवी, असं २००६ च्या कायद्यांनी सांगितलं. २००८ पासून प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये ठरले, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. या नियमात बायकांच्या दृष्टीनं एक चांगली गोष्ट आहे. विधवा, घटस्फोटिता आणि १८ वर्षांवरची अविवाहित मुलगी यांना स्वतंत्र कुटुंब धरायचं. कागदावर हे वाचून मला फार बरं वाटलं.

मावशी विधवा आहेत. त्यांना पैसे मिळाले, त्यांच्या नावानं बँकेत पडलेही. पण जंगलात ज्या बाईनं कधी शंभराच्या चार नोटा एकत्र पाहिल्या नव्हत्या, तिच्या खात्यावर एवढी रक्कम आल्यावर नातेवाईक किती जमतात, ते सांगायची गरज नाही. "लेकाची मोटरसायकल झाली, पोरीचं लगीन झालं, घर झालं," त्या बोटं मोजत म्हणाल्या. आणि मग गप्प झाल्या.

मी विचारलं, "मावशी, इथे बरं आहे की तिथे बरं होतं?"

त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. "इथं दवाखाना जवळ हाय. माही सून बाळंत झाली तवा गाडी दारात आली. तिथं माही एक पोरगी रस्त्यातच गेली होती, खाटेवर नेता नेता. नातू शाळेत जाते. लाइट हाय." थोडं थांबून म्हणाल्या, "पन इथं सारं इकत. लाकूड इकत, भाजी इकत, मोहा इकत. तिथं पैसा नव्हता, पन इकत काही नव्हतं."

सगळ्यांचं नवं घर नीट बसलंच असं नाही. २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसन झालेली काही कुटुंबं सोयी मिळाल्या नाहीत म्हणून पुन्हा मेळघाटच्या जंगलात परतली होती. तेव्हा वनखातं आणि पोलिसांशी संघर्ष झाला, माणसं जखमी झाली. गवताच्या हिरव्या फोटोत हे दिसत नाही, पण ते त्याच जमिनीचं आहे.

आणि आणखी एक प्रश्न, जो वाचताना तुमच्यापैकी अनेकींच्या मनात आला असेल. हरणांसाठी एवढं करता, मग आमच्या तुरीचं, सोयाबीनचं काय? रोही, हरणं, रानडुकरं रातोरात शेत साफ करतात. घरातला पुरुष रात्रभर मचाणावर आणि घरातली बाई जिवाला घोर लावून. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामे आणि कागद यांत दमछाक होते. आतलं कुरण वाढलं म्हणून बाहेरचं शेत वाचेलच, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण जंगलात गाजरगवत आणि टणटणीच उरली, तर जनावर बाहेर येणार हे मात्र नक्की.

जाता जाता

आपण काय करू शकतो? जंगलात गेलो तर हरणांना बिस्किटं-चिप्स घालू नयेत. त्यांचं पोट त्यासाठी बनलेलं नाही आणि माणसाची सवय त्यांच्या जिवावर बेतते. परसातलं, रस्त्याकडेचं गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटावं, हातमोजे घालून. आणि सफारीत वाघ दिसला नाही म्हणून तोंड पाडून परत येऊ नये. गवताकडे बघावं.

निघताना मी मावशींना विचारलं, गवत लावताना कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "पयल्या दिशी हात चालेना. चूल कुठं होती, थे दिसे. आमचा मुठवा देव तिथंच हाय, त्याले कोन उचलन? मंग एक दिस माह्या आंब्याखाली चितळीन पिल्लू घेऊन उभी दिसली. म्हनलं, बरं झालं. माह्या घरात कोनीतरी लेकराले घेऊन राह्यते."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. मीच पुसले.

पुढच्या खेपेला त्या ओळीतल्या तीन आंब्यांपाशी गाडी थांबली, तर मी फोटो काढायच्या आधी हात जोडणार आहे.