धामणीला दूध नको, उंदीर हवा

पनवेलकडच्या भातखाचरांत पावसाच्या सुमारास कधीतरी दोन सापांचा पीळ दिसतो. अंगाला अंग गुंफलेलं, डोकी उचललेली, बराच वेळ. पाहणारा घरी पळतो आणि कोरं कापड आणून त्यांच्यावर टाकतो. नाग-धामणीचं मीलन म्हणायचं. ते कापड घरात ठेवलं की बरकत. प्रत्यक्षात तिथे नागही नसतो आणि मादीही नसते. दोन्ही धामणच, दोन्ही नर, आणि चाललेली असते कुस्ती. हरलेला निघून जातो. धामण नागाची मादी नव्हे. जातच वेगळी, शिवाय बिनविषारी. घोटाळा बहुधा शब्दाच्या लिंगानं केला: तो नाग, ती धामण!

तीच धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असंही सांगतात. सापाचे दात सुईसारखे आणि आत वळलेले. ते सडाला लागले तर म्हैस गोठा डोक्यावर घेईल. धामण गोठ्यात येते ती पेंडीवर जमलेल्या उंदरांसाठी. मांजर बिळाच्या तोंडाशी ताटकळतं. धामण थेट आत शिरते आणि पिल्लांसकट फडशा पाडते. उंदीर नुसतं भात खात नाहीत, त्यांच्या मुतातून लेप्टो हा आजारही पसरतो. चिखलात अनवाणी लावणी करणाऱ्याला त्याची भीती धामणीपेक्षा जास्त असायला हवी.

कर्नाळ्याच्या झाडीतला हिरवा हरणटोळ टाळू फोडतो म्हणे. त्याचं लक्ष सरड्या-बेडकांवर. विष सौम्य, माणसाला जीवघेणं नाही.

मात्र उलटा गैरसमजही आहे: दुखलं नाही म्हणजे साप साधा. २०२१च्या डिसेंबरात सलमान खानला पनवेलच्या फार्महाऊसवर साप चावला. तो बिनविषारी निघाल्याच्या बातम्या आल्या. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. मण्यार रात्री झोपेत चावते, कधी कळतही नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात. बिनविषारी कवड्या तिच्यासारखाच दिसतो. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक, कवड्याचे डोक्याकडे. पण चावल्यावर पट्टे बघत बसू नये. करकचून बांधणं, चिरणं, मांत्रिक, काहीच नको. चावलेला हात-पाय फारसा न हलवता सरळ रुग्णालय गाठावं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचली, तर डासांबरोबर मण्यारही बाहेरच राहते.