मायन्यावरून ऑफिसची परीक्षा

न्यूझीलंडमधल्या दोन संस्था. एक शैक्षणिक, म्हणजे लिहिण्या-वाचण्यावरच पोट असलेल्यांची, दुसरी कारखाना. मेलच्या वर नावानिशी मायना आणि खाली रीतसर समारोप कुठे जास्त सापडेल, असं विचारलं तर बहुतेक जण पहिलीकडे बोट दाखवतील. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या भाषा-अभ्यासक जोन वाल्डव्होगेल यांनी दोन्हीकडचे मेल तपासले, तेव्हा उलटंच निघालं. कारखान्यातल्या मेलना सहसा मायना असे, निरोपाचा शब्द असे. शैक्षणिक संस्थेतले कितीतरी मेल थेट मुद्द्यावर सुरू होत आणि तिथेच तुटत.

कारण शिक्षणात नव्हतं, ऑफिसच्या हवेत होतं. त्या शैक्षणिक संस्थेत फेररचना झाली होती. कर्मचारी खचले होते, व्यवस्थापनावरचा विश्वास उडाला होता. कारखान्यात साहेब आणि कर्मचारी मोकळेपणाने वागत, आणि तोच मोकळेपणा मेलमध्ये उतरला. लिहिणाऱ्याचा हुद्दा, आपसातली जवळीक, पुरुष की स्त्री, या सगळ्यांपेक्षा कार्यसंस्कृतीचं पारडं जड ठरलं, असं वाल्डव्होगेल यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटलं आहे. दोनच ठिकाणं पाहिलेली, तेव्हा त्यावरून साऱ्या जगाचा नियम काढू नये. पण मेलच्या शिष्टाचाराचे वर्ग भरवणाऱ्या एचआर विभागांनी हा निबंध एकदा वाचायला हरकत नाही.

हुद्दा मेलमध्ये दिसतच नाही, असं मात्र नव्हे. अमेरिकेतली एन्रॉन, आपल्याला दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे चांगली ठाऊक असलेली, २००१ साली दिवाळखोरीत गेली. चौकशीच्या ओघात तिथल्या सुमारे दीडशे जणांचे लाखो मेल २००३ मध्ये खुले झाले आणि संशोधकांना घबाडच मिळालं. त्यांच्यापैकी एरिक गिल्बर्ट यांनी २०१२ मध्ये या मेलमधून दाखवलं, की काही ठरावीक शब्दप्रयोगांवरून मेल वरिष्ठाला लिहिलाय की नाही, याचा बऱ्यापैकी अंदाज संगणकालाही बांधता येतो.

आपल्या सरकारी पत्रव्यवहारात त्यासाठी संगणक लागतच नाही. पत्राच्या तळाशी वरिष्ठांची प्रत ‘माहितीसाठी सविनय सादर’ होते, हाताखालच्यांची ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’ जाते. मेल आल्यावर ही उतरंड सीसीच्या रकान्यात जाऊन बसली. आणि प्रत टंकण्याचे कष्ट संपल्यामुळे ती फोफावली. काही बिघडलं की ‘तुला हे कोणी सांगितलं होतं?’ असा जाब जिथे विचारला जातो, तिथे फोनवर दोन मिनिटांत मिटणारं कामही लेखी होतं आणि सीसीत साहेब येतात, साहेबांचे साहेब येतात. काम पुढे सरकावं हा हेतू त्यात थोडाच. उद्या अंगाशी आलं तर पुरावा हाताशी हवा, हा जास्त.

मेल कोणत्या वेळी यावा, हेही ऑफिसच्या हवेवरच ठरतं. जर्मनीत फोक्सवॅगनने २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी करार केला. शिफ्ट संपून अर्धा तास झाला की सर्व्हर ब्लॅकबेरीवर मेल पाठवणं थांबवी, आणि पुढच्या शिफ्टच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू करी. वरिष्ठ व्यवस्थापक यातून वगळले होते. रात्री-अपरात्री मेल धाडण्याची खोड बहुधा याच वर्गाची, हे लक्षात घेतलं तर सवलत मजेशीर वाटते. तिथलीच वाहन कंपनी डाइमलर त्याहून पुढे गेली. सुट्टीवर असताना आलेले मेल आपोआप पुसून टाकण्याची सोय तिने कर्मचाऱ्यांना दिली. पाठवणाऱ्याला तसं कळवून दुसऱ्या कुणाशी संपर्क साधायला सांगितलं जाई. संघटना जिथे बळकट, तिथे असे करार होतात. फ्रान्समध्ये तर २०१७ पासून पन्नास आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना या विषयावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणं कायद्यानेच भाग पडलं.

भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असंच विधेयक मांडलं. कामाची वेळ संपल्यावर आलेल्या फोनला, मेलला उत्तर न देण्याचा हक्क नोकरदाराला मिळावा, अशी त्यातली मागणी होती. विधेयक खासगी होतं, आणि संसदेत अशा विधेयकाचा कायदा शेवटचा झाला तो १९७० साली.