चढावर कुरकुरणारी विजेची सायकल

सायकल आपल्या ओळखीची आहे. आता सायकलीला मोटर आणि बॅटरी बसवलेली मिळते. तिला विजेची सायकल म्हणतात. दूधवाले, शाळेची मुले, बाजारला जाणारी माणसे ही सायकल वापरू लागली आहेत. तिला पेट्रोल लागत नाही. घरच्या विजेवर बॅटरी भरली की काम झाले.

सपाटीला ही सायकल गुणी असते. चढ आला की तिची परीक्षा होते. चढावरच ती आवाज करते. चढावरच तिचे बळ कमी पडते. मग मालक घाबरतो. ‘मोटर गेली’ असे कोणीतरी सांगते. नवी मोटर म्हणजे मोठा खर्च. पण दर वेळी मोटर गेलेली नसते, बरं का! पुष्कळदा दुखणे लहान असते. ते कसे ओळखावे, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

मोटरीच्या पोटात काय असते?

बैलगाडीच्या चाकाला मध्ये तुंबा असतो. तसाच सायकलीच्या चाकाला हब असतो. बहुतेक विजेच्या सायकलींत मागच्या चाकाचा हब मोठा असतो. त्याच हबात मोटर बसवलेली असते.

ही मोटर चाकापेक्षा पुष्कळ जोरात फिरते. सायकल ताशी २५ किलोमीटर वेगाने चालली, तर चाक मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते. त्याच वेळी आतली मोटर सुमारे १,००० फेरे घेते. म्हणजे मोटरीचे पाच फेरे, तेव्हा चाकाचा एक फेरा. असे का करतात? फेरे कमी केले की जोर वाढतो. उसाच्या चरकाची दातेरी चाके तुम्ही पाहिली असतील. येथेही दातेरी चाकेच हे काम करतात. त्यांना गिअर म्हणतात.

मध्ये एक लहान दातेरी चाक असते. त्याच्याभोवती तीन दातेरी चाके असतात. ही तीन चाके बहुधा नायलॉनची असतात. नायलॉन कमी आवाज करते, म्हणून ते वापरतात. पण ते लोखंडाइतके टणक नसते. फार तापले की ते मऊ पडते. मग त्याचे दाते झिजतात, कधी तुटतात. आवाज आणि चढ यांचे नाते येथेच आहे. चढावर मोटरीला जास्त कष्ट पडतात. कष्टाने ती तापते. तापली की दाते झिजतात. दाते झिजले की आवाज येतो.

काही सायकलींच्या हबात गिअर नसतात. त्यांचा हब मोठा आणि जड असतो. त्यांत दाते झिजण्याचा प्रश्नच नाही. काही सायकलींची मोटर पायडलजवळ असते. तिच्याविषयी पुढे सांगू.

चढाला किती बळ लागते?

बळ मोजायचे माप म्हणजे वॉट. कष्टाची सवय असलेला माणूस पायडल मारून बराच वेळ सुमारे ७५ वॉट शक्ती देऊ शकतो. सायकलीची मोटर साधारण २५० वॉटची असते. मान्यता मिळालेल्या सायकलीच्या मोटरीची शक्ती २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर तिला मोटारगाडीसारखी नोंदणी आणि परवाना लागत नाही.

आता हिशेब करू. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन धरा. रस्ता असा धरा, की १०० मीटर गेले म्हणजे ६ मीटर उंची चढते. ताशी १२ किलोमीटर वेगाने जायला सुमारे २४० वॉट लागतात. मोटर आणि पाय मिळून हे काम सहज करतात. त्याच चढावर ताशी १८ किलोमीटरने जायचे म्हटले, तर चारशेच्या जवळपास वॉट लागतात. एवढे बळ मोटरीजवळ नाही. चढ आणखी उभा असला, म्हणजे १०० मीटरला १० मीटर, तर ताशी १२ किलोमीटरलाच पावणेचारशे वॉट लागतात. तेथे सायकल मंदावणारच. तो तिचा दोष नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट ही, की रोजचा चढ ती पूर्वी चढत होती का ते आठवा. पूर्वी चढत होती आणि आता चढत नाही, तरच दुखणे शोधा.

आवाज कोणता, दुखणे कोणते?

वैद्य नाडी पाहतो, तसा सायकलीचा आवाज ऐकावा. आवाज कधी येतो, हे नीट पाहावे.

‘घूंऽऽ’ असा एकसारखा आवाज आला, तर भिऊ नका. तो गिअर फिरण्याचा आवाज आहे. चढावर तो थोडा वाढतो.

चाकाच्या दर फेऱ्याला एकदा ‘टक’ असा आवाज आला, तर चाक पाहा. एखादी तार सैल असेल. टायरमध्ये खडा रुतला असेल. ब्रेक एका जागी घासत असेल.

पायडलच्या दर फेऱ्याला ‘कट’ असा आवाज आला, तर पायडल, त्याचा दांडा आणि चेन पाहा.

मोटर चालू असतानाच ‘घर्र-घर्र’ किंवा ‘कर्र-कर्र’ आवाज आला, तर गिअरचे ग्रीस वाळले असेल किंवा दाते झिजले असतील.

मोटर जोरात फिरते, ‘खडखड’ वाजते, पण सायकल पुढे जात नाही, असे झाले तर बटण लगेच बंद करा. दाते तुटले असतील. किंवा मोटर आणि चाक यांना जोडणारा आतला भाग निसटत असेल. तशीच चालवली तर तुटलेले तुकडे इतर दातेही खातात.

मोटर नुसती थरथरते, झटके देते, पण फिरत नाही, तेव्हा दोष बहुधा गिअरचा नसतो. एखादी तार किंवा जोडणी बिघडलेली असते. हबात जाणारी जाड तार आणि तिचा जोड आधी पाहा.

घरच्या घरी तीन कसोट्या

पहिली कसोटी. बटण बंद करा आणि सायकल पुढे ढकलत चाला. गिअरच्या हबात अशी सोय असते, की सायकल नुसती पुढे जाताना आतले गिअर फिरत नाहीत. तेव्हा बटण बंद असूनही आवाज आला, तर दोष गिअरचा नाही. ब्रेक, तारा, टायर, चेन हे पाहा.

दुसरी कसोटी. बटण बंदच ठेवा. आता सायकल हळूहळू मागे ढकला. मागे जाताना आतले गिअर आणि मोटर फिरतात. हाताला थोडे जड लागेल. ते ठीक आहे. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा अडकले, तर एखादा दाता मोडला असे समजा.

तिसरी कसोटी. मागचे चाक जमिनीवरून उचलून धरा. दुसऱ्या माणसाला बटण हळूच चालू करायला सांगा. धोतर, पदर, बोटे चाकापासून दूर ठेवा. चाक फिरताना ‘कर्र-कर्र’ आले, तर गिअर उघडून पाहायला हवेत.

एक उदाहरण सांगतो. आमच्या गावात एक दूधवाला आहे. तो आमचा जुना विद्यार्थी. रोज वीस लिटर दूध घेऊन तो चढावरच्या वस्तीला जातो. एक दिवस सायकल चढाला घरघरू लागली. पुढे तर तो उतरून ढकलू लागला. दूध पोचायला उशीर होऊ लागला. गिऱ्हाइके बोलू लागली. एका दुकानात त्याला सांगितले, की मोटर जळाली, नवी घ्या.

तो म्हणाला, “गुरुजी, दोन शेळ्या विकाव्या लागणार.”

आम्ही म्हटले, “अरे, आधी दुखणं तर पाहू. शेळ्या कुठं पळून जातात?”

मग आम्ही दोघांनी कसोट्या केल्या. बटण बंद करून पुढे ढकलली, आवाज नाही. मागे ढकलली, तर एका जागी अडकली. चाक उचलून फिरवले, तर घरघर. म्हणजे मोटर जिवंत होती. दुखणे गिअरचे होते. शिवाय मागच्या टायरमध्ये हवा कमी होती. ब्रेकचे रबर चाकाला घासत होते. बळ तेथेही वाया जात होते.

तालुक्याच्या एका जाणत्या कारागिराने हब उघडला. तीन चाकांपैकी एकाचे दोन दाते मोडले होते. ग्रीस वाळून गेले होते. त्याने तिन्ही चाके बदलली, ब्रेक नीट केला, हवा भरली. नव्या मोटरीच्या मानाने खर्च थोडा आला. शेळ्या गोठ्यातच राहिल्या.

हब उघडण्याचे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे. आधी बॅटरी काढून ठेवावी. आतले लोहचुंबक जोरदार असते, बोट चेमटते. तिन्ही दातेरी चाके एकदम बदलावीत. एकच बदलले तर नवे आणि जुने यांचे जमत नाही. जुने चाक दाखवूनच नवे घ्यावे. दात्यांची संख्या आणि आकार तोच हवा. ग्रीस नायलॉनला चालणारे वापरावे. गाडीचे जळके तेल आत ओतू नये.

आवाज नाही, पण बळ कमी

अशा वेळी फुकटच्या गोष्टी आधी पाहाव्यात. पैशाच्या गोष्टी मागून.

टायरमध्ये हवा पुरेशी आहे का? किती हवी, ते टायरवरच छापलेले असते. चाक हाताने फिरवा. ते मोकळे फिरते का? ब्रेक घासतो का? चेन वाळली आहे का? ओझे रोजच्यापेक्षा जास्त आहे का?

मग बॅटरी पाहा. बॅटरी उतरत आली की तिचा जोर कमी होतो. जुनी बॅटरी सपाटीला चालते, पण चढाला दम टाकते. घाटात वीज किती लागते, त्याचा अंदाज घ्या. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट लागतो. सुमारे १२ किलोमीटरांत साडेपाचशे मीटर उंची चढावी लागते. १०० किलो वजन तेवढे वर न्यायलाच १५० वॉट-तास वीज लागते. रस्त्याची घासण आणि मोटरीत वाया जाणारी उष्णता धरली, तर एकट्या मोटरीला सव्वादोनशेच्या वर लागते. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६० वॉट-तास वीज मावते. म्हणजे एका घाटात अर्ध्याहून अधिक बॅटरी संपते. अर्धी भरलेली बॅटरी घेऊन घाट चढायला निघू नये.

शेवटी तारांचे जोड पाहा. चढ चढून आल्यावर एखादा जोड गरम लागला किंवा काळा पडला असेल, तर तो सैल आहे. तेथे वीज वाया जाते. तो लगेच दुरुस्त करून घ्या. हबाच्या आसाचे नटही पाहा. नट सैल राहिले तर आसच फिरतो आणि तार पिळून तुटते.

काही लोक सांगतात, ‘जास्त वीज सोडू, सायकल पळेल.’ तसे करू नका. मोटर तापते, दाते जातात आणि सायकल कायद्याच्या मर्यादेबाहेर जाते.

चढ कसा चढावा?

चढाला बैल थांबला, की पुन्हा हलवणे जड जाते. सायकलीचेही तसेच आहे. चढाच्या आधीच थोडा वेग घ्या. चेनचा हलका गिअर आधीच घाला. पायाने मदत करा. मोटर फार हळू फिरू लागली, की विजेचे बळ न होता उष्णता होते. हब हाताला चटका देऊ लागला, तर सावलीत थांबा. फारच उभा चढ असला, तर उतरून चाला. त्यात कमीपणा नाही.

हबात मोटर असली, तर चेनचा गिअर बदलल्याने फक्त पायाला सोपे जाते. मोटर पायडलजवळ असली, तर गिअर बदलल्याने मोटरीलाही सोपे जाते. पण तेथे मोटरीचा जोर चेनवर येतो. म्हणून गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करावा. नाहीतर चेन ‘खटाक’ करते आणि तुटतेही.

चढ आला की उतारही येतो. गिअरच्या हबातली मोटर उताराला सायकल अडवून धरत नाही. तेथे भरवसा फक्त ब्रेकचा. चढाला बळ कमी पडले, तर दूध उशिरा पोचते. उताराला ब्रेक कमी पडला, तर माणूसच घरी पोचत नाही. म्हणून घाटात जाण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत.

लक्षात ठेवा

१. आवाज कधी येतो ते आधी पाहा.
२. बटण बंद असताना आवाज येतो, तर गिअरचा दोष नाही.
३. हवा, ब्रेक, चेन, बॅटरी, जोड या क्रमाने पाहा.
४. खडखडाट झाला की मोटर बंद करा.
५. तिन्ही दातेरी चाके एकदम बदला.
६. चढाला पायाची जोड द्या, उताराला ब्रेक सांभाळा.
७. ‘मोटर गेली’ असे कोणी म्हटले, तर या कसोट्या स्वतः करा. मगच पैशाला हात घाला.