गडावर कॅमेरा नेतांना

गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें मला विचारलें, "काका, चार बाय पांच इंची फिल्मचा सर्वांत हलका कॅमेरा कोणता?" सह्याद्रीच्या गडांचीं छायाचित्रें तशा मोठ्या फिल्मवर घेण्याची त्याची मनीषा असून, त्यासाठीं त्यानें वर्षभराची शिल्लक बाजूला ठेविली होती. प्रश्न सरळ दिसतो. परंतु उत्तर चुकलें तर पैसाहि जातो आणि छंदहि जातो.

एवढी यातायात कशासाठीं, हें प्रथम पाहूं. नेहमींच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मानानें या तुकड्याचें क्षेत्रफळ सुमारें १३ पट भरतें. त्यामुळें मोठी प्रत काढली तरी तटाचा चिरा न् चिरा स्पष्ट राहतो. शिवाय येथें भिंगाची पाटी कलवितां येते. शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन संशोधकाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या नियमाप्रमाणें, १५० मिलिमीटरचें भिंग जमिनीपासून दीड मीटर उंच असतां तें सुमारें ६ अंश पुढें कलविलें, कीं पायांजवळच्या कातळापासून क्षितिजापर्यंतची सपाट जमीन एकाच वेळीं रेखीव उमटते.

१८६३ सालीं सॅम्युएल बोर्न सिमल्याहून हिमालयांत निघाले, तेव्हां त्यांच्या सामानास सुमारें ३० हमाल लागले. कारण त्या काळीं ओल्या कांचा जागेवरच तंबूंत तयार कराव्या लागत. पुढें कोरड्या कांचा आल्या आणि भार एका माणसाच्या पाठीवर आला. १० एप्रिल १९२७ रोजीं अॅन्सेल अॅडम्स कॅलिफोर्नियांतील हाफ डोम या कड्यासमोर अवघ्या १२ कांचा घेऊन चढले. भिंगावर गडद तांबडी कांच चढवून शेवटच्या कांचेवर घेतलेलें काळ्या आभाळाचें चित्रच जगप्रसिद्ध झालें. तात्पर्य, कांचांची संख्या थोडी असली तरी चालते.

आतां निवडीकडे वळूं. मोनोरेल जातीचा कॅमेरा घरांत उत्तम, डोंगरांत नव्हे. प्रवासास घडीचा फील्ड कॅमेराच हवा. इंग्लंडांतील ब्रायटन येथें होणारा प्लायवुडचा इंट्रेपिड सुमारें सव्वा किलोचा आहे. लिनहोफ टेक्निका हा धातूचा कॅमेरा अडीच किलोंच्या वर जातो. गडांसाठीं पुढची पाटी वर उचलतां व कलवितां आली म्हणजे पुरे. मागच्या पाटीच्या हालचाली थोड्या असल्या तरी अडत नाहीं. मात्र भात्याची लांबी अवश्य पाहावी. १५० मिलिमीटरच्या भिंगानें दूरचें दृश्य घेण्यास साधारण तितकाच भाता पुरतो. पण रानफूल मूळ आकाराएवढें घ्यावयाचें तर ३०० मिलिमीटर लागतो.

भिंग घेतांना प्रकाशाचा लोभ धरूं नये. निकॉरचें ९० मिलिमीटरचें एफ/८ भिंग सुमारें ३६० ग्रॅमचें, तर त्याच लांबीचें एफ/४.५ सुमारें ६०० ग्रॅमचें आहे. डोंगरांत बहुधा एफ/२२ वरच चित्र घ्यावयाचें, मग जादा भार कशाला?

मात्र एके ठिकाणीं काटकसर करूं नये, आणि तें मी स्वतः ठेंच खाऊन शिकलों. राजगडच्या संजीवनी माचीवर मी एकदां फार हलकी तिवई घेऊन गेलों. समोर तोरणा सुरेख उजळला होता. परंतु वारा भात्यांत शिरे व सगळा सांगाडा थरथरे. घरीं येऊन धुतलेल्या दहाहि फिल्म पुसट निघाल्या. किलोभर भार वांचविला आणि पहांटेपासूनची चढण व्यर्थ घालविली! तेव्हांपासून दोन किलोंची तिवई नेतों व तिच्या मधल्या आंकड्यास पिशवी टांगतों.

पुतण्याला मीं हिशेब मांडून दाखविला: कॅमेरा सव्वा किलो, भिंग पाव किलो, दहा फिल्मचे पांच होल्डर मिळून पाऊण किलोच्या वर, तिवई दोन किलो, काळें फडकें, प्रकाशमापक व किरकोळ मिळून अर्धा किलो. एकंदर पांच किलोंच्या आंत. मग पाणी व शिदोरी निराळी. दोन चांगल्या कॅमेऱ्यांतील तफावत बहुधा तांब्याभर पाण्याएवढीच असते. तिच्यासाठीं दुप्पट किंमत मोजणें शहाणपणाचें नव्हे.

शेवटीं त्याला सांगितलें, "आधीं पिशवींत पांच किलो ज्वारी भर आणि पाणी-शिदोरीसह एकदां सिंहगड पायीं चढून ये. वर पोंचल्यावर अर्धा तास एका जागीं उभें राहण्याची उमेद उरली, तर खुशाल कॅमेरा घे." गेल्या रविवारीं तो चढून आला. ज्वारी वहिनींनीं परत डब्यांत ओतली, आणि कॅमेऱ्याचे पैसे त्यानें आज पाठविले.